गोड्या पाण्यातला कीबोर्ड

बर्नादेत सकाळी सव्वापाचला उठे. उठल्यावर ती आधी वर्गाच्या खोलीत जाई, मग विहिरीवर. खोलीतल्या लाकडी कपाटात चाळीस वॅटचा पिवळा दिवा रात्रभर जळत ठेवलेला असे. ओल शिरू नये म्हणून तो पावसाळाभर आणि पुढेही महिनाभर जळे. तो विझवून ती कपाटातला कीबोर्ड आणि माऊस बाहेर काढी, टेबलावरच्या कॉम्प्युटरवरचे मेणकापड दोन्ही हातांनी उचलून अंगणात झटकी आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पडद्याची फुगीर काच पुसून घेई. माऊस उलटा करून त्याच्या पोटातली रबरी गोळी ती तळहातावर घेई आणि आतल्या दोन बारीक दांड्यांवर चिकटलेला मळ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढी. शेवटी स्टॅबिलायझर. त्यातून ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत थांबायचे आणि मगच कॉम्प्युटरच्या डब्याचे बटण दाबायचे. हा क्रम तिने पंचवीस वर्षांत मोडला नव्हता.

पंचवीस वर्षांपूर्वी ह्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते आणि दाराबाहेर चपलांची रांग लागे. आसपासच्या पाच गावांतल्या मुली सायकलने येत, टायपिंग शिकत, परीक्षा देत आणि मुंबईला, गोव्याला नोकरीला जात. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि वर्ग आपोआप बंद पडला. तीनपैकी एक पडदा वादळाच्या वर्षी विजेच्या धक्क्याने गेला. दुसऱ्याचा डबा आतून गंजला. त्यांचे कीबोर्डही गेले. एकाची वायर उंदरांनी कुरतडली आणि दुसऱ्याची बटणे उपटून तिने तिसऱ्याला बसवली. अशा रीतीने एक तेवढा चालता राहिला.

वाडीतली मुले येऊ लागली ती ह्या जुलैत. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. सत्यवान तांडेलाची दिव्या सुके बांगडे द्यायला म्हणून आली, तिने उघड्या दारातून तो फुगीर पडदा पाहिला आणि ती तिथेच खिळली. ती सात वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी तिने पाच वर्षांच्या भावाला, समर्थला, आणले. आठवडाभरात सहा जण झाले. आल्या आल्या दिव्याने काचेवर बोट टेकवून चित्र बाजूला सारायचा प्रयत्न केला. चित्र हलले नाही. मग दोन बोटे टेकवून तिने ते ताणून पाहिले. काचेवर बोटांचे ठसे तेवढे उमटले. माऊस हातात दिला तेव्हा बाण वर न्यायचा म्हणून तिने तो टेबलावरून उचलून हवेत धरला आणि शेवटी थेट पडद्यावर टेकवला. बर्नादेतने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून तो मेणकापडावर हळूहळू फिरवला. बाण सरकला तशी मुलीच्या मनगटातली शीर ताठली, ती बर्नादेतला आपल्या तळव्याखाली जाणवली.

समर्थला बाणाशी कर्तव्य नव्हते. त्याला काच हवी होती. पडदा सुरू झाला की तो दंड पुढे करी आणि हातावरची लव उभी राहिली की खदखदून हसे. एकदा कान लावून त्याने आतली बारीक चटचट ऐकली आणि सगळ्यांना सांगितले, “हेच्या पोटात कोणतरी सुंगटां तळता.” घरी कोळंबी तळताना असाच आवाज होई.

यंत्र सुरू व्हायला चार मिनिटे लागत. घरी आईच्या फोनवर एक चित्रफीत दहा सेकंदही न पाहणारी ही मुले ती चार मिनिटे मांडी घालून बसत आणि मोठ्याने आकडे मोजत. शंभराच्या पुढे मोजायला समर्थ इथेच शिकला. मग पाळीपाळीने एकेक जण चित्र काढी. वाकड्यातिकड्या रेघांची होडी, होडीवर नांगर, नांगराखाली मासे. चूक झाली की यंत्र काही बोलत नसे, शाबासकीही देत नसे. दिव्याने एकदा आपणहून सांगितले, “फोन आपलोच फुडे जाता, टीचर. ह्यो आपण सांगीसर थांबता.” बर्नादेतने ह्या वाक्यावर दिवसभर काम करताना विचार केला होता.

नवरात्र होऊन गेले होते. त्या सोमवारी तिने बटण दाबले आणि डब्यातून ‘पीं पीं पीं’ असा आवाज सुरू झाला. कुठलेतरी बटण आत अडकले होते. तिने कीबोर्ड पालथा करून थोपटला, सुरीच्या टोकाने बटणे उचलून पाहिली. आवाज थांबला, पण एंटरचे बटण मेले ते मेलेच, आणि त्या ओळीतली आणखी चार. एंटरशिवाय यंत्र एक पाऊल पुढे जाईना. आठ वाजता मुले आली, दोनशे चाळीसपर्यंत मोजून बसली आणि काळा पडदा पाहत राहिली. नंतर ती शाळेला गेली. दिव्या तेवढी उंबऱ्यात रेंगाळली.

रॉक तेव्हाच आत आला. तो बर्नादेतचा धाकटा भाऊ. तीस वर्षे जहाजावर काढून गेल्या वर्षी कायमचा घरी आला होता. बायको वारलेली, मुलगा मॅक्सवेल म्हापशाला हॉटेलात. घर दोघा भावंडांच्या नावावर होते. मॅक्सवेलने उन्हाळ्यापासून धोशा लावला होता, की पर्यटक मालवणात मावत नाहीत, इथपर्यंत येतात, तेव्हा दोन खोल्या त्यांच्यासाठी काढायच्या. एक रॉकची, ती तयार झाली होती आणि तो पडवीत झोपू लागला होता. दुसरी वर्गाची. रॉक माणूस सरळ होता. बहिणीला दुखवून काही करायचे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि मुलाला नाही म्हणणेही नव्हते. म्हणून त्याने पावसाळ्यात स्वतःच एक नियम घालून घेतला होता आणि आज तोच बोलून दाखवला.

“बाय, जा चालता तेका मी हात लावचंय नाय. पण मेलेल्या सामानाक घरात जागा नाय. शनिवारी कुडाळचो भंगारवालो टेम्पो घेवन येतलो.”

बर्नादेत कीबोर्डवरचे कापड घडी करत राहिली. मग म्हणाली, “मेलो नाय तो. दर्याचा खारा लागलाहा तेका, दुसरा काय नाय.”

रॉकने खांदे उडवले. उंबऱ्यातली दिव्या दोघांकडे पाहत होती. मग दप्तर सावरत ती पळाली.

मंगळवारी साडेसातची बस पकडून बर्नादेत मालवणला गेली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीचे टोक तिने कापून पाकिटात घेतले होते. तसल्याच जाड गोल पिनेचा कीबोर्ड तिला हवा होता. पहिल्या दुकानाचे शटर अर्धे वर होते, पण आत कोणी नव्हते. दुसऱ्यात विशीतले दोन मुलगे होते. एकाने पिन बोटांत फिरवून पाहिली, दुसऱ्याला हाक मारली आणि दोघांनी त्या पिनेचा फोटो काढला.

“आजी, हे आमच्या जन्माच्या आधीचं आहे,” पहिला म्हणाला. “संग्रहालयात द्या.”

तिने शुद्ध मराठीत, हळू आवाजात, ती पिन परत मागितली. मागून आलेल्या गिऱ्हाइकाला बसायला मिळावे म्हणून तिला खुर्ची सोडावी लागली. दुसरा मुलगा जरा मऊ होता. ऑनलाइन मिळतो का बघतो, पंधरा दिवस तरी लागतील, म्हणाला. शनिवार चार दिवसांवर होता. ज्या मुलींना तिने शिकवले होते त्यांची मुले आता ह्यांच्याएवढी असतील, हे तिच्या मनात आले, पण ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते. बसस्टँडवर ती पाणी प्यायली आणि तिने दीडची बस धरली.

घराच्या मागच्या बाजूने ती विहिरीकडे पाय धुवायला वळली. तिथे कपडे भिजवायच्या निळ्या टबावर दिव्या ओणवी झाली होती. शाळेची मधली सुट्टी असावी. वाडीतली आणखी चार मुले आणि समर्थ कठड्यावर बसून पाहत होते. टबात पाणी गच्च भरले होते आणि तळाशी, बटणे वर करून, कीबोर्ड पडला होता.

बर्नादेतने मुलीला मनगटाला धरून मागे ओढले. टब हिंदकळला, पाणी दोघींच्या पायांवर आले. “कपाटाक हात लावची परवानगी कोणी दिली तुका? जा घराक. परत ह्या दारात येव नको.”

तिचा आवाज नेहमीचा नव्हता. कठड्यावरची मुले खाली उतरली. पडवीत रॉक येऊन उभा राहिला. दिव्या रडली नाही. तिने ओले हात परकराला पुसले, भावाचा हात धरला आणि जाता जाता, कुणाकडे न पाहता, म्हणाली, “अजून दोनदा पाणी बदलूचा आसा.”

रॉकने काही टोमणा मारला नाही, ते बर्नादेतला जास्त लागले. त्याने कीबोर्ड टबातून काढला, त्यातले पाणी निथळू दिले आणि गेटजवळ, फुटक्या कौलांच्या आणि गंजक्या पत्र्यांच्या ढिगावर नेऊन ठेवला. संध्याकाळी ती मुद्दाम त्या बाजूला गेली नाही.

बुधवारी सकाळी आठाला कोणी आले नाही. तिने खोली झाडली, मेणकापड तसेच ठेवले. साडेआठच्या सुमारास सत्यवान अंगणात आला. समुद्रावरून थेट आला होता. अर्धी चड्डी ओली, पिंढऱ्यांवर वाळू. पडवीची पायरी तो चढला नाही. बर्नादेत बाहेर येताच त्याने नजर खाली घातली आणि पोरीची चूक झाली, असे म्हणाला. पण त्याला आणखी काहीतरी सांगायचे होते आणि ते कसे काढावे हे त्याला समजत नव्हते. ती बस म्हणाली तेव्हा तो पायरीवर टेकला.

गणपतीनंतर त्याचे मशीन, होडीला मागे लावायचे इंजिन, लाटेने सुटून समुद्रात पडले होते. बुडी मारून दोघांनी ते वर काढले. समुद्रात पडलेले इंजिन वाऱ्यावर ठेवायचे नसते. वारा लागला की खार आत धरतो आणि मग ते कायमचे जाते. म्हणून ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतात, पाणी बदलत राहतात, देवगडचा मेकॅनिक येईपर्यंत. दीड दिवस ते पिंपात होते. पाणी बदलायचे काम दिव्याचे होते. विहिरीवरून कळशीने आणून तिने सहा वेळा बदलले होते. मशीन चालू झाले तेव्हा बापाने तिलाच पहिल्यांदा होडीत बसवले होते.

“तुमी म्हटल्यात, खारा लागलाहा,” सत्यवान म्हणाला. “तिका ह्योच उपाय ठावक. काल तुमच्या गेटीकडसून तिना तां उचलून आणल्यान. राहिलेला पाणी बदलल्यान, मगे मी वाऱ्यार बांधलंय. तुमका होया आसात तर परत आणून देतंय.”

 बर्नादेतने आत जाऊन चपला घातल्या.

सत्यवानाचे घर सुरूच्या बनाला लागून होते. मागच्या बाजूला वळचणीखाली जाळ्याच्या तुकड्यात कीबोर्ड निजवला होता, बटणे खाली करून, म्हणजे आतले पाणी ठिबकून जावे. ऊन त्याच्यावर येत नव्हते, वारा येत होता. तिने वायरीचे टोक हातात घेतले. पिनेवर दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट गुंडाळून जाळ्याच्या दोऱ्याने सात-आठ वेढे दिलेले होते आणि गाठ नीट, बारीक, दोनदा मारलेली होती. दोरा अजून ओला होता. म्हणजे पाण्यात घालण्याआधीच हे बांधलेले होते. काल पाण्यात तिने ते पाहिले नव्हते. तिने काहीच पाहिले नव्हते.

“पिन कोणी बांधली?”

सत्यवानाने दाराकडे हनुवटी केली. दिव्या दाराच्या आड उभी होती. एक डोळा आणि वेणीचे टोक तेवढे दिसत होते. बर्नादेत गुडघ्यांवर हात टेकून खाली बसली. साठीला आलेल्या गुडघ्यांनी कुरकुर केली.

“चुकलंय मी,” ती म्हणाली. “तुका इचारूक होया होता. इचारलंय नाय.”

दिव्याने ह्यावर बराच विचार केला. “करंट खंयसून जाता तां भिजूक देवचा नाय,” ती म्हणाली. “बाबान सांगलेला.” आणि मग, आवाज अगदी खाली आणून, “आमी आता येवचा नाय?”

“सुकल्यार तूच घेवन ये.”

शुक्रवारी ती घेऊन आली. कपड्यात गुंडाळलेला कीबोर्ड छातीशी धरून, समर्थला पुढे घालून; मागे बाकीची चौघे. बर्नादेतने दोन दिवस वाट पाहिली होती. स्वतःच्या हाताने चाळीसच्या दिव्याजवळ ठेवून तो आणखी लवकर सुकवावा असे तिला वाटले होते, पण तिने तो मागितला नव्हता. तिने तो कानाशी हलवून पाहिला, पिन सोडवली, जोडली. स्टॅबिलायझर ‘खट्’ झाला. मुले मोजू लागली. एकशे ऐंशीच्या आसपास सगळ्यांचा आवाज बारीक झाला आणि दोनशे तीसला समर्थ एकटाच मोजत राहिला.

‘पीं’ असा आवाज आला नाही. बर्नादेत बाजूला सरकली आणि तिने दिव्याला खुर्चीत बसवले. मुलीने उजव्या हाताचे मधले बोट एंटरवर ठेवले आणि दाबले. पडदा पुढे गेला. तिने पुन्हा दाबले. मग त्या ओळीतली चारही बटणे एकेक करून दाबून पाहिली आणि शेवटी कोपऱ्यातले एक, जे बर्नादेतच्या आठवणीप्रमाणे दोन पावसाळे बंद होते. तेही चालले.

मुलांनी आरडाओरडा केला नाही. ती पाळी कुणाची ह्यावरून भांडू लागली.

त्या दिवशी जेवताना रॉक मान खाली घालून माशाचे काटे काढत बसला. भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो, असे तो म्हणाला. शब्द तो मोडणार नव्हता. पण जेवण संपल्यावरही तो पानावरून उठेना. अखेर त्याने सांगून टाकले, की मॅक्सवेलने दोन्ही खोल्यांचे फोटो इंटरनेटवर कधीच टाकले आहेत आणि दिवाळीत कोल्हापूरची दोन कुटुंबे येणार आहेत. लहान मुले आहेत. त्यांना तो हो म्हणून बसला आहे, बापाला न विचारता. सांगताना रॉकचे कान लाल झाले होते. जहाजावर तीस वर्षे हुकूम पाळलेला माणूस आता दोन हुकमांच्या मध्ये सापडला होता.

बर्नादेतने ताटे उचलली. रागाने काही बोलण्यासारखे होते, आणि ती ते बोलली असती तर रॉकने मुलाला फोन लावून सगळे रद्द केले असते, हेही तिला ठाऊक होते. पण मग ही खोली दर मोसमात अशीच मागितली गेली असती आणि दर मोसमात तिला ती अशीच राखावी लागली असती. भांडी घासून झाल्यावर ती आपल्या खोलीत गेली. घरात समुद्राकडे उघडणारी खिडकी एवढ्या एकाच खोलीला होती. ही खोली मागायची कल्पना ना रॉकला सुचली होती ना मॅक्सवेलला. तिने खाट वितींनी मोजली, लांबी नऊ, रुंदी चार. मग वर्गाच्या खोलीत जाऊन भिंतीकडची जागा मोजली. मेलेले दोन कॉम्प्युटर आणि त्यांची टेबले तिथे होती. ती असेपर्यंत खाट बसत नव्हती.

शनिवारी मुले गेल्यावर तिने रॉकला सांगितले, की भंगारवाल्याला येऊ दे. मग तिने त्या दोन यंत्रांच्या वायरी सोडवल्या, गुंडाळल्या, दोरीने बांधल्या आणि पडद्यांवरची धूळ पुसली. टेम्पो अकराला आला. आधी दोन्ही टेबले चढली. दोन्ही पडदे उचलताना तिने पोऱ्याला काचेची बाजू अंगाकडे धरायला सांगितली आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती थांबली नाही. आत येऊन तिने आपली गादी गुंडाळली.

“खाट धर रे,” तिने रॉकला हाक मारली.

तो आला आणि दारात उभा राहिला. “खंय न्हेतस?”

“वर्गात. ही खोली पाव्हण्यांका दी. दर्या बगूकच येतत ना ते?”

“आणि तू थय झोपतलस? त्या डब्याशेजारी?” त्याला हसू आले, मग ते विरले. “बाय, असा नको. मी सांगतंय मॅक्सवेलाक.”

“तेका एवढाच सांग,” ती म्हणाली, “पोरां रोज सकाळी आठाक येतली. पाव्हणे आसले तरी अंगणातसूनच येतली. दार लावून घेवचा नाय. पाव्हण्यांची पोरां इली तर तेंकाय पाळी मिळात.”

रॉकने कपाळावरचा घाम पुसला, वाकला आणि खाटेचे दुसरे टोक उचलले. वर्गाचे दार अरुंद होते. खाट आडवी करावी लागली, मग पुन्हा तिरकी; एकदा त्याचे बोट चौकटीत सापडले आणि त्याने पोर्तुगीज वळणाची एक शिवी घातली. भिंतीशी खाट बरोबर बसली, दोन बोटे जागा उरवून. तिच्यावर बसले की टेबल हाताशी येत होते.

बर्नादेतने गादी पसरली, चादर ओढून घेतली. मग ती शेवटचे एकदा जुन्या खोलीत गेली. खुंटीवरची क्रुसाची माळ तिने काढली, उशी काखेत घेतली. खिडकी होती तशी उघडीच ठेवली. पाहुण्यांसाठी धुतलेला टॉवेल तिने खिडकीच्या कठड्यावर घडी करून ठेवला आणि बाहेर येऊन दार लोटून घेतले.